पथ्यपत्रकातील एक शब्द

आपणां बहुतेकांच्या चिकित्सालयात टेबलाच्या खणात छापील पथ्यापथ्य पत्रकांचा एक गठ्ठा असतो. पुढील बाजूस 'घ्यावे' आणि 'टाळावे' असे दोन रकाने, मागील बाजूस एखाद्या फार्मसीची जाहिरात. आमच्याकडील पत्रकात 'टाळावे' या रकान्यात वडापाव आणि लोणचे यांच्या मधोमध 'चायनीज' असा एक शब्द होता. तो आम्हीच घातला होता. का घातला, हे आम्हांस कोणी विचारले नाही आणि आम्हीही स्वतःस विचारले नाही. प्रस्तुत लेख त्या एका शब्दाविषयी आहे.

आमच्या एका जुन्या रुग्णांचे चिरंजीव, वय वर्षे २८, व्यवसायाने अभियंता. विद्यार्थिदशेपासून अम्लपित्ताचा त्रास, औषध आमचेच. २०१८ च्या उन्हाळ्यात कंपनीने त्यास दोन वर्षांकरिता चीनमधील चेंगडू या शहरी पाठविण्याचे ठरविले. निघण्यापूर्वी तो भेटीस आला. आम्ही तीन महिन्यांचे औषध बांधून दिले, पत्रक हाती ठेवले आणि 'चायनीज' या शब्दाखाली तांबड्या शाईने दोन रेघा ओढल्या. तो हसून म्हणाला, "काका, तिथं तर सगळंच चायनीज!" आम्हीही हसलो. त्या हसण्यात एक सरळ प्रश्न होता, हे ध्यानी आले नाही.

आठ महिन्यांनी तो रजेवर आला तेव्हा वजन सात किलोंनी उतरले होते, छातीतील जळजळ वाढली होती आणि मलावष्टंभाची नवी तक्रार जडली होती. आहार विचारला. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी पाव आणि घरून नेलेले लोणचे, रात्री पाकिटातील झटपट शेवया, मधल्या वेळी आईने दिलेला चिवडा. कचेरीतील सहकारी रोज दुपारी कोपऱ्यावरील एका खाणावळीत मा-लाच्या रश्शाभोवती एकत्र बसत; हा आपल्या जागेवर एकटा पाव खाई. पत्रकातील तांबडी रेघ त्याने अक्षरशः पाळली होती. शुष्क, शिळे, विषम आणि एकट्याने घेतलेले अन्न त्याने आमच्या सांगण्यावरून आठ महिने खाल्ले. लोणचेही टाळावयाचे होते, हे खरे. पण जेथे एक शब्द सारे अन्नच वर्ज्य करून ठेवतो, तेथे माणूस हाताशी जे असेल त्यास शरण जातो. दोष रुग्णाकडे ढकलण्याची सोय आम्हांस उरली नाही.

पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याचे माता-पिता त्यास भेटावयास निघाले, तेव्हा त्यांच्यासमवेत आम्हीही सपत्नीक चेंगडूस गेलो. मनात हेतू एकच होता: जे अन्न न पाहता वर्ज्य ठरविले, ते एकदा पाहावे, आणि शक्य तर चाखावे.

चेंगडू हे सिचुआन प्रांताचे मुख्य शहर. आपल्या गाड्यांवरील 'शेजवान' हा शब्द त्याच प्रांताच्या नावाचा अपभ्रंश होय. मात्र आपल्याकडील शेजवान चटणीत सिचुआनचे जे मुख्य द्रव्य, तेच नसते. त्याविषयी पुढे येईलच. मंचुरियन तर १९७५ च्या सुमारास मुंबईतच जन्मले, मंचुरियाशी त्याचा काही संबंध नाही. म्हणजे पत्रकात 'चायनीज' लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे जे होते ते चीनचे अन्नच नव्हते. आमच्या चौकातील गाडीवरचे तळण होते.

खाणावळीचे स्वरूप असे. दाराशी शीतकपाटांची एक लांब ओळ. ग्राहकाने एक टोपले व चिमटा घ्यावा आणि हवे ते हवे तितके उचलावे. पालक, चिनी कोबी, नाळीची भाजी, मोड आलेली कडधान्ये, नाना प्रकारचे अळंबे, बटाट्याचे काप, सोयाबीनचे पनीर व त्याच्या सायीचे पापुद्रे, रताळ्याच्या सत्त्वाच्या शेवया, अंडी, मत्स्यगोलक, मांसाच्या चकत्या. आमच्या पत्नीने आमचा हात ओढून दाखविले: कोहळ्याचे काप आणि कमलकंदाच्या चकत्या. कूष्मांड आणि शालूक! ज्या दुकानात केवळ अग्नी आणि दाह यांचीच अपेक्षा करून गेलो, तेथे पित्तशामक द्रव्यांची दोन तबके भरून ठेवली होती. टोपले तराजूवर ठेवले जाते, वजनावर पैसे घेतले जातात, मग तिखटाचे प्रमाण विचारले जाते: अल्प, मध्यम की तीव्र. आतील स्वयंपाकी ते सारे उकळत्या रश्शात शिजवून मोठ्या वाडग्यातून आणून देतो. यास मालातांग म्हणतात. मेजावरच शेगडी ठेवून आपले आपण शिजविण्याचा जो प्रकार, त्याचे नाव ह्वोग्वो, म्हणजे अग्नीचे पातेले. चोंगछिंगच्या नदीकाठी धक्क्यावरील हमाल गुरांचे काळीज-आतडे अशा भांड्यात शिजवीत, अशी त्याची कुळकथा. टोपले भरून वजनावर घेण्याची रीत मात्र तिकडची मूळ नव्हे. ती चीनच्या ईशान्येकडील हैलुंगच्यांग प्रांतातून निघालेल्या दुकानांनी देशभर नेली.

आता रश्शाविषयी. तांबड्या रश्शाचा पाया म्हणजे सुक्या मिरच्या, बाकल्याच्या शेंगदाण्यांसारख्या बियांची मिठात मुरविलेली मिरचीयुक्त चटणी, आले, चक्रीफूल, दालचिनी, बडीशेप आणि भरपूर स्नेह. हा स्नेह जुन्या रीतीत गाईबैलांच्या चरबीचा असतो. आपल्याकडील शाकाहारी प्रवासी केवळ भाज्या उचलून निश्चिंत होतात. त्यांनी हे अवश्य जाणावे. वनस्पतिजन्य तेलाचा रस्सा वेगळा मागावा लागतो. पांढरा रस्सा हाडांचा, व अनेक ठिकाणी त्यात दुधाची भुकटी असते. टोमॅटोचा अथवा अळंब्यांचा रस्साही मिळतो.

आणि मग ते द्रव्य. चिनी भाषेत 'ला' म्हणजे तिखट आणि 'मा' म्हणजे बधिर करणारे. ला मिरचीचा, मा ह्वाज्याओचा. वाडग्यातील एक तपकिरी फोल आम्ही मुद्दाम दाताखाली धरले. आधी लिंबाच्या सालीसारखा गंध, मग जिभेच्या टोकास मुंग्या, मग ओठ आपल्या आपण थरथरत असल्याचा भास, तोंडास सुटलेले पाणी, आणि शेवटी एक जडता. पाणी प्यालो तर ते किंचित आंबट लागले. मुलाची आई मूळची कोकणातली. त्यांनी एक फोल चघळले आणि त्या तत्काळ म्हणाल्या, "अहो, हे तर आपलं तिरफळ!"

त्यांचे म्हणणे शास्त्रतः बरोबर होते. बांगड्याच्या तिखल्यात पडणारे तिरफळ, हिमालयातून येणारे तुंबरू आणि सिचुआनचे ह्वाज्याओ ही तिन्ही झँथोझायलम या एकाच वंशाची फळे. तिन्हींत काळे बी टाकून साल वापरतात. तुंबरू आपल्या संहितांत आहे, शूलगुल्मावरील तुंबर्वादि चूर्णास त्याचेच नाव आहे. औषधी बाजारात 'नेपाळी धने' या नावाने येणारा माल तोच. (फार्मसीचालक बंधूंपैकी कितीजणांनी त्रिफळा मागणाऱ्या गिऱ्हाइकास तिरफळ आणि तिरफळ मागणाऱ्यास त्रिफळा दिला असेल, तो हिशेब आम्ही मागत नाही.) चीनमधील शेननोंगच्या नावाने प्रसिद्ध अशा प्राचीन निघंटूतही ह्वाज्याओ आहे, तेथील वैद्य त्यास उष्ण, शीतनाशक, क्लेदशोषक आणि कृमिघ्न मानतात. आपल्या निघंटूंतील तुंबरूचे वर्णन शेजारी ठेवून पाहावे, फारसा भेद आढळणार नाही.

रसनिश्चितीचा प्रश्न आम्हांस अद्याप छळतो. जिभेस उद्वेग, टोचणी, नाक-डोळ्यांतून स्राव ही कटू रसाची लक्षणे मिरचीस पूर्णतः लागू पडतात. परंतु 'मा' तेवढ्यावर थांबत नाही. त्यात मागाहून येणारे जाड्य कषायाच्या जवळचे आहे. अक्कलकारा चघळलेल्या प्रत्येक वैद्यास ही संवेदना परिचित असेल. आधुनिकांचे म्हणणे असे की मिरचीतील द्रव्य उष्णता ओळखणाऱ्या ग्राहकांस उद्दीपित करते, तर ह्वाज्याओतील द्रव्य स्पर्श जाणणाऱ्या मज्जातंतूंस. लंडन येथील संशोधकांनी २०१३ मध्ये मोजून पाहिले, तेव्हा ओठांवरील ही थरथर सेकंदास सुमारे पन्नास कंपनांच्या स्पंदनाशी जुळली. म्हणजे 'मा' ही निव्वळ चव नसून स्पर्शही आहे. आमच्या मते कटू हा प्रधान रस आणि कषाय अनुरस. तरुण अभ्यासकांनी तुंबरूचा नमुना हाती घेऊन हे तपासावे.

मिरचीची गोष्ट निराळी. ती आपल्या संहितांत नाही, आणि चीनच्या जुन्या ग्रंथांतही नाही. आपल्याकडे ती सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आली. चीनमध्ये १५९१ सालच्या एका ग्रंथात तिचा उल्लेख आढळतो तो शोभेच्या झाडांत. तोवर आपण त्रिकटूवर आणि ते आले व ह्वाज्याओवर तिखटाची हौस भागवीत होते. मिरची परकी म्हणून त्यांच्या वाडग्याकडे बोट दाखविणाऱ्याने आपला ठेचा आधी आठवावा.

तथापि चिनी माणसास हे अन्न कसे सोसते, हा प्रश्न उरतो. चेंगडूचे आकाश आम्ही होतो ते सर्व दिवस ढगाळ होते. हवेत दमटपणा, अंथरूण ओलसर. आपल्याकडे त्याच वेळी शरदाचे कडक ऊन. सिचुआनमध्ये सूर्य इतका दुर्मीळ की तो दिसला तर कुत्री भुंकतात, अशा अर्थाची एक म्हण चिनी भाषेत आहे. अशा आनूप देशी, क्लेदाने भरलेल्या शरीरास कटू, उष्ण, स्वेदजनन अन्न हितकर ठरावे हे तेथील वैद्यांचे मत देशसात्म्याच्या आपल्या विचाराशी जुळते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात देशोदेशीच्या लोकांचे सात्म्य सांगताना चीनांचाही उल्लेख आहे. बाह्लीक, पह्लव, यवन, शक यांच्या पंक्तीस बसवून त्यांस मांस, गहू, माध्वीक मद्य, शस्त्र आणि अग्नी यांची सवय असल्याचे तेथे म्हटले आहे. त्याच ओघात अश्मक व अवंती येथील लोकांस तेल आणि आंबट सात्म्य असल्याचे सांगितले आहे. आणि हे सारे कशासाठी? तर वैद्याने औषध देताना ते सात्म्य ध्यानी घ्यावे, यासाठी. ज्या ग्रंथावर आपण हात ठेवतो, त्याने परक्याचे ताट पाहून नाक मुरडलेले नाही.

विमानस्थानातील आठ आहारविधिविशेषायतने वाचकांस मुखोद्गत आहेत, ती येथे गिरवीत नाही. आम्हांस नवल वाटले ते याचे, की टोपले आणि तराजू यांच्या या दुकानात ती एकेक करून डोळ्यांपुढे उभी राहतात. राशी तराजूच दाखवितो: आमचे टोपले ६४० ग्रॅमचे भरले, मुलाचे ९०० चे. कुक्षीचे तीन भाग मनात आणून आम्ही त्याच्या टोपल्यातून शेवयांचा एक गुंडा परत ठेवला. संयोग तर सर्वस्वी ग्राहकाच्या चिमट्यात. पांढरा दुधाळ रस्सा आणि त्यात मत्स्यगोलक, हा विरुद्धाहाराचा अगदी पाठ्यपुस्तकी नमुना शेजारच्या मेजावर चार तरुण आनंदाने खात होते. करणाचा विचार करता एक गोष्ट आम्हांस तेथेच उमगली. रुग्ण पालेभाजी निरुपद्रवी समजून तीच अधिक घेतो. पण रश्शावर तरंगणारे तांबडे तेल सर्वाधिक शोषून घेते ते पान आणि तळलेले पनीर. कमलकंदाची चकती व कोहळ्याचा काप तेल बाहेरच ठेवतात. उपयोगसंस्थेचे काय सांगावे? न बोलता, न हसता, तन्मय होऊन जेवावे, हा नियम अग्नीच्या पातेल्याभोवती पाळणे अशक्य. तेथे लोक बोलावयासच बसतात. घाईने खाण्याचा दोष मात्र तेथे आपोआप टळतो, कारण घास फुंकर घालूनच खावा लागतो. न निवविता खाणारेही असतात. पासष्ट अंशांहून अधिक तप्त पेये अन्ननलिकेच्या कर्करोगास बहुधा कारण ठरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केले आहे. उष्ण खावे पण अतिउष्ण नव्हे, ही आपली सूचना तेथे मिरचीपेक्षाही अधिक निकडीची आहे.

तेथील लोकांचे उतारेही पाहण्याजोगे. चोंगछिंगकडे प्रत्येकापुढे तिळाच्या तेलाची वाटी असते, त्यात ठेचलेला लसूण. उकळता घास त्यात बुडवून मगच तोंडात घालतात. घास निवतो आणि स्नेहाचा लेप बसतो. ही रीत ज्या कोणी प्रथम योजिली तो आमच्या मते वैद्यच असावा. उलट तिखटावर बर्फगार पेये ओतण्याची तरुणांची चाल आम्हांस मुळीच मानवली नाही.

फार्मसीचालक बंधूंसाठी यापुढील मजकूर विशेष. चिनी माणूस अति तिखट खाऊन तोंड आले, घसा धरला, की त्यास शांगह्वो, म्हणजे अग्नी वर चढणे, म्हणतो. पित्तप्रकोपाशी याचे साम्य सांगणे नलगे. त्यावर दक्षिणेकडे शीत वनस्पतींचा काढा पिण्याची रूढी आहे. ग्वांगच्यौ येथील १८२८ सालापासून चालत आलेल्या वांगलाओजी या काढ्यात शेवंती, ज्येष्ठमध इत्यादी द्रव्ये असतात. पुढे तो साखर घालून लाल डब्यात भरला गेला आणि या शतकाच्या आरंभी, शांगह्वोची भीती असेल तर हा प्यावा, अशा जाहिरातीसह खाणावळींच्या मेजांवर पोहोचला. खप इतका वाढला की त्या नावाच्या हक्कावरून दोन कंपन्यांत मोठा वाद झाला आणि २०१२ मध्ये लवादाचा निर्णय झाला. आमच्याही मेजावर तो डबा होता. गोड, फार गोड. काढ्याचा तिक्त रस त्यात शोधावा लागला.

हे वाचून कोणा चालकाच्या मनात येईल की आपणही अविपत्तिकराची चघळावयाची गोळी करून चायनीजच्या गाडीशेजारी ठेवावी. कोणी तसे केलेही असेल. 'मनसोक्त खा, वर आमची गोळी घ्या' अशा धर्तीच्या जाहिराती आपल्याच नियतकालिकांच्या मलपृष्ठावर छापल्या जातात, हे आम्ही पाहतो. एका बाजूस पत्रकात सर्व वर्ज्य, दुसऱ्या बाजूस जाहिरातीत सर्व क्षम्य, आणि दोन्ही एकाच कागदावर, पाठपोट. रुग्णाने यांतील कोणती बाजू वाचावी?

एक ज्येष्ठ वैद्यमित्र, ज्यांच्याविषयी आम्हांस नितांत आदर आहे, हे सारे ऐकून म्हणाले, "म्हणजे आता आम्ही अम्लपित्तात मिरचीचा रस्सा लिहून द्यावा की काय?" तसे आमचे म्हणणे नाही. तांबडा रस्सा विदाही आहे, लवण त्यात अति आहे, आणि पित्तप्रकृतीच्या रुग्णास शरदात तो देणे हा अपराधच. शिवाय बाहेरच्या अन्नात करणावर आपला ताबा नसतो. चीनच्याच अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०१६ मध्ये ३५ खाणावळींच्या पदार्थांत अफूच्या बोंडांतील द्रव्ये आढळल्याचे जाहीर केले होते; चवीची चटक लागावी म्हणून कोण काय घालील याचा नेम नाही. हे सर्व मान्य. परंतु 'घेऊ नये' हे सांगण्यासही अन्न ठाऊक असावे लागते. ठाऊक असले की 'हे घेऊ नये, त्याऐवजी ते घ्यावे' इतके तरी सांगता येते. आमचे आठ महिन्यांचे अपयश त्या 'त्याऐवजी' च्या अभावी घडले.

चेंगडूत शेवटच्या दोन दिवशी आम्ही मुलासमवेत टोपले भरावयास उभे राहिलो. अळंब्यांचा सौम्य रस्सा, तिखट शून्य, तेल वनस्पतींचे. कोहळा, कमलकंद, मुगाच्या शेवया, थोडे पनीर. तिळाच्या तेलाची वाटी. सोबत कोमट पाणी. ह्वाज्याओचे एखादे फोल आले तर काढून टाकावे. हे त्याने सहकाऱ्यांच्या मेजावर बसून खावे. पाव आणि पाकिटातील शेवया बंद. औषध पूर्वीचेच, मात्रा किंचित कमी केली. जानेवारी २०२० मध्ये साथीमुळे तो मुदतीपूर्वीच परतला, तेव्हा चार किलो वजन भरून आले होते, मलप्रवृत्ती नियमित होती, जळजळ आठवड्यातून एखादे वेळी. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. चूक मात्र एका रुग्णावरूनही कळते.

त्यानंतर आम्ही पत्रक बदलले. 'चायनीज' हा शब्द गेला. त्या जागी रस्सा, तेल, मुरविलेले लवण, अतिउष्णता, दूध व मासे यांविषयी चार ओळी आल्या. टाळावयाच्या प्रत्येक अन्नासमोर त्याऐवजी काय, याचा रकाना आहे. तो काही ठिकाणी कोरा आहे, कारण आम्हांस अद्याप उत्तर सापडलेले नाही. वाचकांनी सुचवावे. मागील बाजूस 'काल काय खाल्ले, कोठे, कोणाबरोबर' हे रुग्णाने स्वहस्ते भरावयाचे आहे. फार्मसीच्या जाहिरातीस त्यामुळे तळाशी दोन बोटे जागा उरते. तेवढी पुरेल का, असे आम्ही संबंधितांस पत्राने विचारले आहे. उत्तर आलेले नाही.